रविवारची किल्ली

पाटीवर 'मुक्त' असं लिहिलंय, पाटीखाली कुलूप.
खाऱ्या वाऱ्यानं धरलेलं, खोबरेल मागणारं.
तेल मी घरून आणतो,
कॉलेजच्या कुठल्याच खात्यात ते बसत नाही.

सोमवार ते शनिवार मी ग्रंथालय परिचर.
रविवारी हर्णैचं अख्खं अभ्यासकेंद्र म्हणजे मीच :
पंखे, हजेरी, खडू,
आणि सर आले नाहीत की 'निघालेत' म्हणणं.

नऊचे विद्यार्थी साडेदहाला येतात.
महेंद्र गोरिवले, रिसॉर्टच्या गेटवरची रात्रपाळी
डोळ्यांत तशीच घेऊन.
जुलेखा होडेकर, नवरा कुवेतला,
दोन पोरं व्हरांड्यात चॉकलेटवर बसवून.
आणि द्वारका पावसे, वय त्रेचाळीस.
सातवीनंतर शाळा सुटली ती कोळंबी सोलायला,
एवढ्या वर्षांनी पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट बी.ए.ला.
तिच्या वहीला मासळीचा वास येतो.
कुणी काही बोलत नाही, इथं फीच्या नोटांनाही येतो.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प होता.
विषय तिनंच घेतला : आमचा बांगडा कुठं गेला.
मी म्हटलं, थांब, यावर शोधनिबंध आहे.
ते तिघं आले होते बघ, काटा नि फूटपट्टी घेऊन?
'व्हय की. माज्याच पाटीतलं मोजलंन.
गाभोळीचा कुठला, बिनगाभोळीचा कुठला,
मीच दावला. चा पन पिऊन गेले.'

कॉम्प्युटर लावला. पहिला परिच्छेद फुकट.
त्यात आमचं बंदर होतं, अक्षांश-रेखांशात.
चहा नव्हता.
मग एक राखाडी पट्टी, पट्टीत आकडा :
एकोणचाळीस डॉलर.
मी गुणाकाराला कागद शोधतोय,
तोवर लिलावात उभी राहणारी ही बाई म्हणाली,
'पंधरा लाद्या बर्फ.'
आणि थोड्या वेळानं,
'माजाच बांगडा, नि मलाच इकत?'

मी समजावलं : मोठ्या विद्यापीठांनी वर्गणी भरलेली असते,
तिथल्या पोरांना हे आपोआप उघडतं.
'आपोआप,' ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, 'आपोआप.'
जाळ्यात अनोळखी मासा आला की
उलटासुलटा करून बघतात, तसं.

पुढच्या रविवारी तिनं लिलावाची चोपडी आणली.
एकवीस वर्षांची, अर्धी सासूच्या अक्षरात.
तारीख, होडी, भाव,
आणि समासात :
'आज वारा.' 'पर्ससीनवाले रात्री.' 'पोटात अंडी, तरी विकला.'
मी दोनशे दहा पानांच्या झेरॉक्स काढल्या.
टोनर संपला. हेडक्लार्कनं विचारलं,
मी दमट हवेवर ढकललं.

निकाल : शंभरात बावन्न.
शेरा : संदर्भसूची अपुरी.
ती वाचून हसली की काय ते कळलं नाही,
मासे मोजताना लावते तसं तोंड केलं होतं.
पेढे नाही वाटले. मला कागदात बांधून सोडे दिले,
चांगले, विकायच्यातले.
महेंद्रनं मध्येच सोडलं, त्याची पाळी दिवसाची झाली.

चोपडी आता ग्रंथालयात आहे.
नोंदवहीत 'देणगी' लिहिलं.
किमतीच्या रकान्यात शून्य घालवेना,
तो तसाच ठेवलाय.

गेल्या महिन्यात त्या तिघांतले एक साहेब पुन्हा आले.
चोपडी बघून खुर्चीत नीट बसले.
अशी माहिती कुठेच नाही, म्हणाले. किती घ्याल?
मी बंदरावर फोन लावला.
पलीकडे लिलावाचा गलका, मग द्वारका :
'वाचू दे की. पैसं कसलं?
फकस्त काय लिवलंन, ते हितं आनून ठेव म्हनावं.'

साहेब म्हणाले, बघतो, ते आमच्या हातात नसतं.

मी म्हटलं, रविवारी या, साडेदहानंतर.
आणि आत शिरलात की दार ओढू नका.
बिजागरी सैल आहे,
आपोआप लागतं.